स्मृतिदिन आणि कायदा



मुंबईहून कोंकण रेल्वेनें महाडास जावयाचें असेल, तर वीर नांवाच्या एका लहानशा स्थानकावर उतरावें लागतें. १९९३ सालीं या रेल्वेचा उत्तरेकडील पहिला टप्पा रोह्यापासून सुरू झाला, तो येथवरच होता. स्थानकाबाहेर पडून महामार्गास लागलें, कीं दासगांव येतें, सावित्रीची खाडी दिसूं लागते आणि मग महाड. या मुलखाच्या वेशीवरील गांवाचें नांव वीर असावें, हा योगायोग मोठा शोभून दिसतो. महाड तालुक्यांतच रायगड उभा आहे. शेजारच्या पोलादपूर तालुक्यांत तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ आहे. रायगडाच्या वाटेवरील नातें या गांवीं चिंतामणराव देशमुखांचा १८९६ सालीं जन्म झाला. दासगांवीं गोपाळबाबा वलंगकर लष्करी नोकरींतून निवृत्त झाल्यावर राहिले, आणि १८८८ सालीं त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेच्या मुळाशींच हात घातला. आणि खुद्द महाड शहरांत चवदार तळें आहे.

इतक्या थोड्या भूमींत इतक्या स्मृति एकवटल्या असतां त्यांची निगा कोणीं राखावी, समाजानें कीं सरकारनें, हा प्रश्न येथें आपोआप मनांत येतो. थोरांच्या स्मरणार्थ सरकारनें कायद्यानें अथवा हुकुमानें दिवस नेमून द्यावे, ही चाल आतां पुष्कळ देशांत रूढ झाली आहे. या चालीनें काय साधतें आणि काय साधत नाहीं, याचा विचार महाडच्या एका दिवसाच्या आधारानें आज आपण करूं.

दिवस पाळण्याची आपल्याकडील रीत सरकारी हुकुमांहून फार जुनी आहे. कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीचा सोहळा होतो. फाल्गुन वद्य द्वितीयेस देहूला तुकारामबीज होते. माघ वद्य नवमीस सज्जनगडावर दासनवमी होते. हे दिवस कोणत्याहि राजानें नेमले नाहींत व कोणत्याहि राजपत्रांत छापले गेले नाहींत. राज्यें आलीं आणि गेलीं, परंतु वारकऱ्यांचीं पावलें त्या त्या तिथीस त्या त्या वाटेनें पडत राहिलीं. त्याहूनहि जुनी एक रीत दगडांत कोरलेली आहे. महाराष्ट्रांत गांवोगांव, देवळाच्या आवारांत किंवा वेशीपाशीं वीरगळ आढळतात. खालच्या चौकटींत वीर लढतांना अथवा धारातीर्थीं पडलेला. मधल्या चौकटींत अप्सरा त्यास स्वर्गीं नेत आहेत. वरच्या चौकटींत तो शिवलिंगासमोर बसला आहे आणि माथ्यावर चंद्रसूर्य आहेत. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं असे दगड निरखून पाहिले असतील, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर वीराचें नांव नसतें. गाई राखण्यासाठीं तो लढला कीं गांव राखण्यासाठीं, एवढें चित्रावरून कळतें. तो कोण हें मात्र कळत नाहीं. गांवानें कृति जपली आणि नांव काळाच्या स्वाधीन केलें. ही गोष्ट आपण लक्षांत ठेवूं, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

इंग्रजी अमलांत दिवस पाळण्याला निराळाच अर्थ आला. १८९६ सालीं लोकमान्य टिळकांच्या पुढाकारानें रायगडावर शिवछत्रपतींचा उत्सव झाला. पुढच्याच वर्षीं पुण्यास राज्याभिषेकाचा उत्सव झाला, आणि त्यासंबंधीं 'केसरी'त प्रसिद्ध झालेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना १८ महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. म्हणजे एका काळीं राज्याभिषेकाच्या दिवसाचें स्मरण हा राजद्रोहाच्या खटल्याचा विषय होऊं शकत होता. आणि १२४ वर्षांनीं, २०२१ सालीं, महाराष्ट्र शासनानेंच निर्णय काढून ६ जून हा राज्याभिषेकाचा दिवस 'शिवस्वराज्य दिन' म्हणून ठरविला, आणि ग्रामपंचायतींपासून जिल्हा परिषदांपर्यंत सर्वांनीं त्या दिवशीं स्वराज्याची गुढी उभारावी असें सांगितलें. एका सरकारनें ज्यासाठीं तुरुंग दाखविला, त्याचीच दुसऱ्या सरकारनें आज्ञा केली. स्वराज्य म्हणजे काय, हें याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं. परंतु यांतच एक सूक्ष्म धोकाहि आहे. जो दिवस पाळण्यास पूर्वीं धैर्य लागत होतें, तो पाळण्यास आतां परिपत्रक पुरतें.

आतां हे दिवस सरकार ठरवितें तरी कसें, तें पाहूं. महाराष्ट्रांत याचे मुख्यत्वें दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार सार्वजनिक सुटीचा. पुष्कळांना ऐकून नवल वाटेल, कीं या सुट्यांचें कायदेशीर मूळ १८८१ सालच्या एका व्यापारी कायद्यांत आहे. हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांचा हा कायदा. त्याच्या २५ व्या कलमांत प्रश्न इतकाच आहे, कीं हुंडीची मुदत सुटीच्या दिवशीं भरली तर पैसे केव्हां द्यावयाचे? उत्तर असें, कीं लगतच्या आधींच्या कामकाजाच्या दिवशीं द्यावयाचे. मग सुटीचा दिवस कोणता, हें राजपत्रांत जाहीर करणें भाग पडलें, आणि त्या जाहीरनाम्याच्या यादींत आज १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि १४ एप्रिलची डॉ. आंबेडकर जयंती विराजमान आहेत. सावकाराच्या सोयीसाठीं केलेल्या कलमानें आमच्या थोर पुरुषांना पंचांगांत जागा करून दिली!

दुसरा प्रकार शासन निर्णयाचा. यांत सुटी नसते; शाळांनीं, कचेऱ्यांनीं अमुक दिवस अमुक नांवानें साजरा करावा, एवढी सूचना असते. राजर्षि शाहू छत्रपतींचा जन्मदिवस २६ जून हा २००६ पासून सामाजिक न्याय दिन झाला. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस २७ फेब्रुवारी हा २०१३ पासून मराठी भाषा गौरव दिन झाला. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस १५ ऑक्टोबर हा २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन झाला. अशी ही माळ वाढत आहे. हुकुमानें दिवस नेमतां येतो, पण तो लोकांच्या मनांत नेमका बसवितां येतोच असें नाहीं. अजूनहि कित्येक जण २७ फेब्रुवारीस 'राजभाषा दिन' म्हणून एकमेकांना शुभेच्छा देतात. वस्तुतः राजभाषा दिन १ मे रोजीं असतो. शिवजन्माची तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी शासनानें २००१ सालीं मान्य केली, तरी तिथीनें उत्सव करणारे तिथीनेंच करीत आहेत. पंचांगाचें राज्य राजपत्रानें जिंकलें जात नाहीं.

परदेशांत हेंच काम विधिमंडळें करतात. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०१० सालीं कायदा करून ३० जानेवारी हा फ्रेड कोरेमात्सू यांचा दिवस ठरविला. दुसऱ्या महायुद्धांत जपानी वंशाच्या नागरिकांस घरदार सोडावयास लावून छावण्यांत कोंडण्यांत आलें, तेव्हां या तरुणानें तो हुकूम मानला नाहीं. १९४४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्याच्याविरुद्ध निकाल दिला. ज्यास न्यायालयानें दोषी ठरविलें, त्याच्या नांवानें पुढें विधिमंडळानें दिवस नेमला आणि शाळांनीं त्या दिवशीं नागरिकांच्या स्वातंत्र्याचें महत्त्व सांगावें असें सुचविलें. हा कायद्यानें केलेला पश्चात्तापच होय. उलट त्याच देशांतील आर्कान्सा राज्याची गोष्ट पाहा. मार्टिन ल्यूथर किंग, आणि गुलामगिरी टिकविणाऱ्या पक्षाकडून लढलेले सेनापति रॉबर्ट ली, या दोघांचा स्मृतिदिन तेथें वर्षानुवर्षें एकाच दिवशीं पाळला जात असे. २०१७ सालीं कायदा करून ते दोन दिवस निराळे करण्यांत आले. तोंपर्यंत एकाच सुटीच्या दिवशीं ज्याला ज्याची पूजा करावयाची त्यानें त्याची करावी, अशी सोय होती. असल्या सोयीनें भांडण टळतें, पण स्मरणाचा अर्थहि टळतो.

आणि फ्रान्समध्यें तर राष्ट्रीय सणच कोणा व्यक्तीच्या नांवाचा नाहीं. ६ जुलै १८८० च्या कायद्यानें १४ जुलै हा दिवस ठरविण्यांत आला, तेव्हां १७८९ सालीं बॅस्टिलचा तुरुंग फोडला त्याची ही आठवण, कीं १७९० सालीं राष्ट्रानें एकोप्याचा उत्सव केला त्याची, असा वाद होता. कायदा करणाऱ्यांनीं त्यांत वर्षच घातलें नाहीं. दिवस सांगितला, आणि अर्थ लोकांवर सोपविला.

फ्रान्सचें नांव मीं उगीच काढलें नाहीं. १९२७ सालच्या डिसेंबरांत महाडास भरलेल्या परिषदेंत बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या सभेची तुलना १७८९ सालीं व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेशीं केली होती. तेव्हां आतां महाडास येऊं.

महाडची कथा कायद्यापासूनच सुरू होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला एक ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले वा चालविलेले, किंवा सरकारनियुक्त संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, न्यायालयें आणि दवाखाने, यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या वर्गास करूं द्यावा, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यांत सरकारनें आपल्या खातेप्रमुखांस तशा सूचना धाडल्या. १९२४ सालीं महाडच्या म्युनिसिपालिटीनेंहि ठराव करून चवदार तळें सर्वांस खुलें केलें. कागदावर न्याय पूर्ण झाला. कौन्सिलाचा ठराव होता, सरकारची सूचना होती, म्युनिसिपालिटीचा ठराव होता; नव्हतें तें एवढेंच, कीं अस्पृश्याच्या ओंजळींत त्या तळ्याचें पाणी नव्हतें. अन्य धर्मीय माणसें त्या तळ्यावर पाणी भरीत. परंतु ज्यांच्यासाठीं तीन तीन वेळां लेखणी चालली, त्यांना तें वर्ज्यच राहिलें. १९२६ सालीं बोल्यांना कौन्सिलांत पुन्हां उभें राहून, जी म्युनिसिपालिटी वा लोकल बोर्ड हें धोरण अमलांत आणणार नाहीं तिचें अनुदान थांबवावें, असा दुसरा ठराव आणावा लागला.

मग १९२७ सालचा मार्च महिना आला. १९ आणि २० मार्चला महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा. परिषदेच्या खटपटींत दासगांवचे रामचंद्र बाबाजी मोरे होते, सुरेंद्रनाथ टिपणीस होते, अनंत विनायक चित्रे होते. अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. कोंकणच्या आणि घाटावरच्या गांवोगांवाहून हजारों माणसें चालत आलीं. ज्या शहरांत गोड्या पाण्याचें एवढें मोठें तळें, तेथें परिषदेकरितां ४० रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें! दुसऱ्या दिवशीं परिषद संपतां संपतां चित्रे उठले आणि त्यांनीं या पाण्याचाच प्रश्न काढला. म्युनिसिपालिटीनें तळें खुलें केलें आहे, तर आपण आतांच जाऊन तो ठराव खरा करूं, अशी त्यांची सूचना होती. सभा उठली. रांगा करून, महाडच्या बाजारपेठेंतून शिस्तीनें मिरवणूक निघाली आणि तळ्यावर आली. डॉ. आंबेडकरांनीं ओंजळभर पाणी घेतलें. मागोमाग त्या जनसमूहानें घेतलें. पाणी पिण्याला लागणारा वेळ तो काय? परंतु कायदेकौन्सिलाचा साडेतीन वर्षांचा ठराव त्या क्षणीं प्रथमच कायद्यासारखा वागला.

त्याची किंमत लागलीच द्यावी लागली. हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी अफवा शहरांत उठली आणि परतीच्या तयारींत असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनीं हल्ला झाला. कित्येक जखमी झाले. संख्याबळ असूनहि आपल्या माणसांनीं हात उचलूं नये, असें डॉ. आंबेडकरांनीं त्यांना बजावलें आणि त्यांनीं तें पाळलें. पुढें तळें बाटलें म्हणून मंत्रोच्चारांत पंचगव्यानें त्याची शुद्धि करण्यांत आली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव मागें घेतला. तारीख पाहा: बरोबर चार वर्षांपूर्वीं याच दिवशीं कौन्सिलानें बोल्यांचा ठराव संमत केला होता. ज्या तारखेस कायद्यानें दार उघडलें, त्याच तारखेस तें लावून घेण्यांत आलें. ४ ऑगस्ट हा दिवस कोणी पाळीत नाहीं. परंतु केवळ ठरावाचें आयुष्य केवढें असतें, हें सांगण्यास त्यासारखा दुसरा दिवस नाहीं.

डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह करण्याचें ठरलें. तेव्हां प्रतिपक्ष न्यायालयांत गेला. १२ डिसेंबर १९२७ रोजीं दावा दाखल झाला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम निघाला. परिषदेस जागा मिळेना. ती फत्तेखान नांवाच्या एका मुसलमान गृहस्थानें दिली. २५ डिसेंबरास गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या पुढाकारानें मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्यावर जाण्यासाठीं आलेल्या हजारोंनीं मात्र न्यायालयाचा मान राखून तळ्यावरील सत्याग्रह तहकूब केला. मग खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. महाडच्या न्यायालयानें १९३१ सालीं दावा फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयानें १९३३ सालीं अपील फेटाळलें. आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें अखेरचा निकाल दिला. अस्पृश्यांस या तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढि अनादि कालापासून चालत आली आहे हें सिद्ध झालें नाहीं, असा तो निकाल होता. दहा वर्षांना तीन दिवस कमी असतांना, ओंजळभर पाणी कायदेशीर ठरलें.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९४७ सालीं मुंबई प्रांतांत हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा अमलांत आला. १९५० सालीं भारताचें संविधान अमलांत आलें. त्याच्या १७ व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली, हें सर्वांस ठाऊक असतें. १५ वा अनुच्छेद मात्र सावकाश वाचून पाहावा. त्यांत समतेचीं मोठमोठीं तत्त्वें सांगतां सांगतां मध्येंच विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचीं नांवें येतात. एवढ्या भारदस्त ग्रंथांत विहीर आणि तलाव कसे आले, असें ज्यास वाटेल त्यानें महाडास यावें. ज्याच्या अध्यक्षतेखालीं त्या संविधानाचा मसुदा झाला, त्यानें १९२७ सालीं तळ्याच्या पायऱ्या उतरल्या होत्या.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. २० मार्च हा दिवस आज सामाजिक सबलीकरण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं चवदार तळ्यावर दूरदूरचीं माणसें येतात. या दिवसाचा जन्म कोणत्याहि परिपत्रकांत झाला नाहीं. ज्यांच्या आजोबापणजोबांनीं त्या रांगेंत चालत जाऊन पाणी घेतलें, त्यांनीं तो जपला. तुकारामबीज जपणाऱ्यांनीं जसा आपला दिवस जपला, तसाच. त्यास मान्यता मागाहून मिळाली. मग सरकारी दिवसांची गरज ती काय, असें कोणी विचारील. या प्रश्नाचें उत्तर इतकें सोपें नाहीं, आणि मीं स्वतः त्यावर पुष्कळ विचार केला आहे.

लोकांनीं जपलेल्या दिवसांत एक उणीव असते. ज्यांचें दुःख, त्यांचाच तो दिवस होऊन बसतो. २० मार्चला तळ्यावर जाणारा जातो. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनीं त्या दिवशीं लाठ्या उगारल्या, किंवा दारें लावून घेऊन आंत स्वस्थ बसणें पसंत केलें, त्यांच्या नातवंडांनीं तो दिवस कोणता म्हणून पाळावा? खरें पाहतां त्यांचेंच कर्तव्य अधिक आहे. येथें कायदा उपयोगीं पडतो. शाळेंत आलेल्या प्रत्येक मुलास, मग तें कोणत्याहि घरचें असो, हा दिवस तुझाहि आहे असें सांगण्याचा अधिकार कायद्याला आहे; तो अन्य कोणास नाहीं. कॅलिफोर्नियानें कोरेमात्सूचा दिवस केवळ जपानी वंशाच्या मुलांसाठीं नेमला नाहीं. सरकारी दिवसाचें खरें समर्थन हेंच, कीं तो एका समाजाची आठवण सर्वांच्या गळ्यांत घालतो.

परंतु कायद्याच्या दिवसांतहि एक उणीव आहे, आणि ती वीरगळाच्या शेजारीं उभें राहिल्यावाचून दिसत नाहीं. वीरगळावर कृति असते, नांव नसतें. सरकारी दिवसांत बहुधा नांव असतें, कृति नसते. आपले बरेचसे नेमलेले दिवस जन्मतिथीवर बसविलेले आहेत. जन्म घेणें ही कोणाचीच करणी नव्हे. त्या दिवशीं प्रतिमेस हार घालतां येतो, पण आपण काय करावें हें ती तारीख सांगत नाहीं. याला महाराष्ट्रांतच एक सुंदर अपवाद आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या शाळेंत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याचें नांव दाखल झालें, म्हणून २०१७ पासून तो दिवस राज्यांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एक मूल शाळेंत गेलें, याचा तो दिवस. तो ऐकून दुसरें एक मूल शाळेंत आणावें, असें कोणासहि सुचेल. कृतीचा दिवस पुढची कृति सुचवितो.

शिवाय एका नांवाच्या तेजांत इतर नांवें झांकलीं जातात. महाडच्या दिवसावर बोले, मोरे, टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे, फत्तेखान यांचाहि हक्क आहे. आणि ज्यांचीं नांवें कोठेंच लिहून ठेवलेलीं नाहींत अशा हजारोंचा तर त्याहून अधिक आहे. त्यांतील प्रत्येकाला संध्याकाळीं आपल्या गांवीं, आपल्या वाड्यावर परत जावयाचें होतें, जेथें कौन्सिलाचा ठराव कोणीं ऐकलाहि नव्हता. त्यांच्यासाठीं दिवस नेमावयाचा तर तो नांवाचा असूं शकत नाहीं. २० मार्चसारखा कृतीचाच असावा लागतो.

तेव्हां कायद्यानें दिवस नेमावे, अवश्य नेमावे. परंतु नेमतांना दोन गोष्टी पाहाव्या: जन्मतारखेपेक्षां कृतीची तारीख शोधावी, आणि त्या दिवशीं काय करावयाचें तें हारतुऱ्यांपलीकडे जाऊन सांगावें. २० मार्चपुरतें तर तें सांगणें अवघड नाहीं. हा दिवस कोंकणांत कोणत्या ऋतूंत येतो, तें पाहा. पावसाळ्यांत या मुलखाइतकें पाणी थोड्याच मुलखांत पडतें; तें सारें सावित्रीवाटे समुद्रास मिळतें, आणि होळी उलटली कीं महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांवर विहिरींचे तळ दिसूं लागतात. हंडे डोक्यावर घेऊन चढउतार करणाऱ्या बायका आणि टँकरची वाट पाहणारी माणसें, हें तेथील उन्हाळ्याचें नेहमींचें दृश्य आहे. ज्या दिवसाचा सारा इतिहास पाण्याचा, तो पाणी आटण्याच्या तोंडावर येतो. त्या दिवशीं प्रत्येक ग्रामपंचायतीनें एक बैठक भरवावी. तींत दोनच प्रश्न विचारावे: आपल्या हद्दींत कोणती वाडी अजून पाण्यावाचून आहे, आणि कोणत्या पाणवठ्यावर कोणास अजून मागें उभें राहावें लागतें? उत्तरें लिहून घ्यावीं, आणि पुढच्या २० मार्चला तींच प्रथम वाचावीं.

असा दिवस पाळला गेला, तर त्याला परिपत्रकाची फारशी जरूर पडणार नाहीं. आणि तसा पाळला गेला नाहीं, तर १९२४ च्या त्या म्युनिसिपालिटीच्या ठरावाप्रमाणें तोहि कागदावरच राहील, आणि कोणास तरी पुन्हां एकदां रांग करून, बाजारपेठेंतून चालत, तळ्यापर्यंत जावें लागेल.